ग्रामसभेत पहिल्यांदा बोलायला उठताना

गोव्यात 191 ग्रामपंचायती आहेत. त्यातल्या कुठल्याही पंचायतीच्या ग्रामसभेला रविवारी सकाळी जाऊन बसा, एक गोष्ट सगळीकडे सारखीच दिसेल. पुढच्या रांगेतले चार-पाच जण आळीपाळीने बोलत असतात. मागे भिंतीला टेकून उभी असलेली आणि दारात चपलांपाशी थांबलेली माणसं मात्र आपसांत कुजबुजत असतात. गावाचं खरं दुखणं बऱ्याचदा त्या कुजबुजीतच असतं. नळाला पाणी दिवसाआड येतं, रस्त्याखालची मोरी तुंबली आहे, शेतात कोणीतरी मातीचा भराव टाकतंय. सभा उठते, आणि तीच माणसं बाहेर चहा पिताना सगळं इतकं मुद्देसूद सांगतात की ऐकणाऱ्याला हळहळ वाटावी. हे आत बोलले असते तर निदान सचिवाच्या वहीत एक ओळ तरी लिहिली गेली असती.

हा लेख त्या मागच्या रांगेसाठी आहे. वक्तृत्व स्पर्धा किंवा निवडणुकीची सभा गाजवण्यासाठी लागणारी तयारी वेगळी असते. इथे आपल्याला दोन मिनिटं बोलायचं आहे, आपल्याच गावात, आपल्याच माणसांसमोर. हे जमलं की बाकीचं पुढे जमत जातं.

भीती नेमकी कशाची वाटते?

आपल्याकडे जत्रेला आणि देवळाच्या उत्सवाला नाटक होतं. गावातलाच कोणीतरी राजाची भूमिका करतो, मंडपाच्या शेवटच्या खांबापर्यंत आवाज पोचवतो, अख्खा गाव त्याला पाहत असताना त्याची जीभ एकदाही अडखळत नाही. तोच माणूस ग्रामसभेत मान खाली घालून बसतो. म्हणजे त्याला चारचौघांसमोर उभं राहण्याची भीती वाटते असं म्हणता येत नाही.

नाटकातले शब्द दुसऱ्याने लिहिलेले असतात, महिनाभर तालमी झालेल्या असतात, आणि राजा जे बोलला त्याचा जाब दुसऱ्या दिवशी कोणी विचारत नाही. ग्रामसभेत शब्द स्वतःचे असतात आणि माणसंही रोजची असतात. सरपंच बायकोच्या माहेरच्या नात्यातली निघते. वॉर्डच्या पंचाच्या, म्हणजे निवडून आलेल्या पंचायत सदस्याच्या, दुकानात आपलं उधारीचं खातं असतं. ज्याने गटार अडवलं तो शेजारचाच असतो, चवथीला त्याच्याकडे आरतीला जायचं असतं. आज तोंड उघडलं तर उद्या तोंड कसं दाखवायचं, असा प्रश्न मनात येतो. मला ही भीती अजिबात हास्यास्पद वाटत नाही. छोट्या गावात नाती जपूनच जगावं लागतं. अशा माणसाला नुसतं 'आत्मविश्वास ठेव' म्हणून काही उपयोग होत नाही. नातं न तोडता विषय कसा मांडायचा, ते त्याला सांगावं लागतं, आणि ते शिकता येतं.

दुसरी भीती शरीराची. नाव पुकारलं की छातीत धडधडतं, तोंड कोरडं पडतं, हात थरथरतात, आवाज बारीक होतो. हे ॲड्रिनालिनचं काम. शरीराला वाटतं संकट आलं, म्हणून ते पळायची किंवा झुंजायची तयारी करतं. ती ताकद वापरली जात नाही म्हणून हात कापतात. अनेकदा पहिली दोन-तीन वाक्यं बोलून झाली की हे आपोआप उतरू लागतं. अनुभवी माणसांनाही धडधड होते. फक्त ती उतरणार आहे हे त्यांना ठाऊक असतं.

आणखी एक गोष्ट जाणून घेण्यासारखी आहे. बोलणाऱ्याला वाटतं, आपली घाबरगुंडी सगळ्यांना दिसतेय. प्रत्यक्षात समोरच्याला त्यातलं फार थोडं दिसतं. सॅवित्स्की आणि गिलोविच या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2003 साली यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. ज्यांना बोलण्याआधी 'तुमची धडधड लोकांना वाटते तितकी दिसत नाही' एवढंच समजावून सांगितलं होतं, त्यांचं भाषण इतरांपेक्षा चांगलं झालं. तेव्हा तुमचा पाय थरथरत असला तरी तो मागच्या रांगेतून कोणाला दिसत नाही, हे मनाशी पक्कं करून ठेवा.

पहिल्या सभेला बोलायचं नाही

पहिल्यांदा जाल तेव्हा बोलायचं नाही असं ठरवूनच जा. हजेरीच्या वहीत सही करा आणि शांतपणे बसून बघा. माईक कोणाकडे असतो, तो मागायचा कसा, विषयपत्रिकेवरचे विषय आधी की लोकांचे प्रश्न आधी, कोण मध्येच तोडतो, सरपंच कोणत्या प्रकारच्या बोलण्याला उत्तर देते आणि कोणतं बोलणं 'बघूया' म्हणून सोडून देते. सचिवाकडे जास्त लक्ष ठेवा. त्याचं पेन कधी चालतं आणि कधी थांबतं ते पाहिलंत तर सभेचं निम्मं गणित कळेल. माणूस दहा मिनिटं तावातावाने बोलतो आणि पेन हलत नाही. दुसरा म्हणतो, 'अमुक तारखेच्या आत अमुक काम करावं अशी माझी सूचना आहे,' आणि पेन लगेच चालू लागतं.

तिथे बोलण्याचा तुमचा अधिकार किती पक्का आहे हेही समजून घ्या. 73 व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला राज्यघटनेत जागा मिळाली आणि गोव्याचा पंचायत राज कायदा 1994 चा आहे. गावच्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो. घर भाड्याचं आहे, शिक्षण कमी आहे, सून म्हणून बाहेरगावाहून आली आहे, यातल्या कशानेही तो हक्क कमी होत नाही.

आपल्या भूमीत हा हक्क फार जुना नाही. पोर्तुगीज अमलात सभा घ्यायला सरकारची परवानगी लागायची. 18 जून 1946 रोजी मडगावात भर पावसात लोक जमले, डॉ. राममनोहर लोहिया बोलायला उभे राहिले आणि त्यांना तिथेच अटक झाली. त्यांच्यासोबत असोळण्याचे डॉ. ज्युलियांव मिनेझिस होते. आज आपण त्या मैदानाला लोहिया मैदान म्हणतो आणि तो दिवस क्रांतिदिन म्हणून पाळतो. पंचायतीच्या खोलीत, पंख्याखाली, हातात माईक घेऊन बोलायला आज कोणाची परवानगी लागत नाही. मला वाटतं हे प्रत्येक नवख्याने एकदा तरी मनात आणावं.

विषय एकच घ्या

मनात दहा तक्रारी असतात. त्यातली एक निवडा. निवडताना तीन गोष्टी पाहा. ती तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली असावी. ती तुमच्या एकट्याच्या घराची नसावी, वाड्यावरच्या निदान तीन-चार घरांना तिचा त्रास असावा. आणि तिच्यावर पंचायत काहीतरी करू शकत असावी. काम वीज खात्याचं किंवा सार्वजनिक बांधकाम खात्याचं असलं तरी पंचायत त्या खात्याला पत्र पाठवू शकते. मग तुमची मागणी 'दिवा लावा' अशी न ठेवता 'वीज खात्याला या आठवड्यात पत्र पाठवा आणि त्याची प्रत आम्हाला द्या' अशी ठेवा. म्हणजे 'हे आमच्या हातात नाही' हे उत्तर आधीच बंद होतं.

उदाहरणासाठी मी पुढे एक तुंबलेली मोरी घेतो. पावसाळ्याआधी गटारं आणि मोऱ्या साफ करणं हा गोव्यातल्या प्रत्येक गावाचा दरवर्षीचा विषय आहे, आणि पहिल्यांदा बोलणाऱ्यासाठी तो फार चांगला. त्यात कोणाचं वैर नसतं, फोटो काढता येतात, आणि काम झालं की नाही ते सगळ्यांना दिसतं. डोंगरकापणी किंवा शेतात टाकलेला भराव हे विषय फार मोलाचे आहेत, पण तिथे पैसा आणि दबाव दोन्ही असतात. ते विषय दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला, आणि शक्यतो चार जणांनी मिळून हातात घ्यावेत.

आधी कागद, मग माणूस

बोलण्याआधी पंचायतीत लेखी अर्ज द्या. अर्धं पान पुरे. दोन प्रती न्या, एक देऊन दुसरीवर शिक्का, तारीख आणि इनवर्ड नंबर घ्या. ग्रामसभेच्या नोटिशीत प्रश्न किंवा सूचना लेखी देण्याची मुदत लिहिलेली असेल तर ती पाळा, नाहीतर 'विषयपत्रिकेवर नाही' म्हणून तुम्हाला खाली बसवलं जाईल. शिक्का मारलेला कागद हातात असला की बोलताना फार आधार वाटतो. जीभ अडखळली तरी विषय नोंदवला गेलेला आहे, एवढी खात्री असते.

मग दोन दिवस आधी तुमच्या वॉर्डच्या पंचाला जाऊन भेटा. 'बाब, रविवारी मी मोरीचा विषय काढणार आहे. तुमच्यावर काही नाही, पण पावसाआधी काम व्हायला हवं,' एवढं सांगा. ही पायरी बरेच जण टाळतात. मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण वर सांगितलेली नात्यांची भीती इथेच निम्मी होते. माणसाला भरसभेत अचानक गाठलं की तो स्वतःचा बचाव करू लागतो आणि तुमचा विषय बाजूला पडतो. आधी कळलं असेल तर कित्येकदा तो सभेत स्वतः उठून म्हणतो, 'होय, मी पाहिलंय, काम व्हायला पाहिजे.' काही वेळा तर सभेआधीच मोरी साफ होते. तसं झालं तरी सभेत उठून आभार माना. तेही जाहीर बोलणंच, आणि पहिल्या वेळेसाठी त्याहून सोपं काही नाही.

गाऱ्हाण्याचा साचा

दोन मिनिटांत काय आणि कोणत्या क्रमाने बोलायचं हे शिकायला लांब जावं लागत नाही. देवळात घातलं जाणारं गाऱ्हाणं आपण लहानपणापासून ऐकत आलो. आधी देवाला नावाने हाक. मग समोर कोण उभं आहे, कुठल्या वाड्यावरचं, ते. मग काय संकट आहे. मग काय मागणं आहे. आणि ते मागणं एकट्यासाठी नाही, सगळ्या लेकराबाळांसाठी. गाऱ्हाणं घालणारा देवाशी भांडत नाही आणि लाचारही होत नाही, हक्काने मागतो. ग्रामसभेतलं बोलणं याच चालीवर ठेवा. असं:

'सरपंचबाय, सगळे पंच आणि गावकरी मंडळी, नमस्कार. मी वरच्या वाड्यावर राहते. आमच्या वाड्याकडे वळणाऱ्या रस्त्यावरची मोरी माती आणि प्लास्टिकने भरली आहे. गेल्या पावसात जुलैमध्ये एकदा आणि ऑगस्टमध्ये एकदा पाणी रस्त्यावरून वाहिलं आणि चार घरांच्या अंगणात शिरलं. शाळेची मुलं त्याच पाण्यातून गेली. फोटो अर्जाला जोडले आहेत, अर्जाचा इनवर्ड नंबर माझ्याकडे आहे. आमची मागणी एकच आहे. यंदा 31 मेच्या आत ही मोरी साफ करावी, आणि काम कुठल्या तारखेला सुरू होईल ते आज सांगावं. हे इतिवृत्तात नोंदवावं अशी विनंती आहे.'

हे म्हणायला मिनिटभरच लागतं. यात कोणाचं नाव घेतलेलं नाही, 'पंचायत झोपली आहे का' असं विचारलेलं नाही, आणि तरी उत्तर दिल्याशिवाय सुटका नाही, कारण तारीख मागितली आहे. 'लवकरात लवकर' हा शब्द तुमच्या कागदावर असेल तर खोडा आणि तिथे तारीख घाला.

थोडं बोललं तर कमी पडेल असं वाटत असेल तर म्हापशाची एक घटना सांगतो. 17 फेब्रुवारी 1954 रोजी तिथे एका मेजवानीत एका वक्त्याने गोवा म्हणजे पोर्तुगालच, अशा अर्थाचं विधान केलं. हजर असलेले शल्यचिकित्सक डॉ. पुंडलिक गायतोंडे यांनी 'प्रोतेस्तु', म्हणजे माझा निषेध आहे, एवढं म्हटलं. त्या एका शब्दासाठी त्यांना अटक झाली आणि पोर्तुगालला नेण्यात आलं. शब्द एकच होता, पण वेळेवर आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा उच्चारलेला होता.

तोंडाने म्हणायचं, मनात नाही

कागद तयार झाला की तो मनातल्या मनात वाचून उपयोग नाही. मोठ्याने म्हणा. बागायतीत जाऊन म्हणा, विहिरीवर म्हणा, गाडी चालवताना म्हणा. पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य पाठ करा. मधलं कागदावर बघून बोललात तरी चालतं, त्यात काहीच कमीपणा नाही. पहिलं पाठ असलं की धडधड सर्वांत जास्त असताना तोंड आपोआप चालू होतं. शेवटचं पाठ असलं की मागणी राहून जात नाही.

आरशासमोर उभं राहून सराव करा असं अनेक जण सांगतात. मी सांगत नाही. आरशात माणूस स्वतःचा चेहरा बघत बसतो आणि आपण कोणाशी बोलतोय ते विसरतो. त्यापेक्षा घरातल्या एकाला समोर बसवा आणि त्याला फक्त एक प्रश्न विचारा, 'मी काय मागितलं?' त्याला ते एका वाक्यात सांगता आलं तर तुमचं बोलणं तयार आहे. नाही सांगता आलं तर कागद पुन्हा लिहा.

त्यानंतर एकाचे पाच करा, पाचाचे पंधरा. गोव्यात यासाठी जागा भरपूर आहेत. बचत गटाच्या बैठकीत जमाखर्च वाचून दाखवायचं काम मागून घ्या. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांचं स्वागत दोन वाक्यांत करा. भजनाला जात असाल तर एखादा अभंग पुढे होऊन धरा. चवथीला घुमट आरतीत नुसती साथ न करता एखादी आरती स्वतः सुरू करा. या ठिकाणी चुकलात तर कोणी टोकत नाही, आणि आपला आवाज माणसांच्या घोळक्यात कसा वाटतो त्याची कानाला सवय होते.

भाषा कुठली? घरात जी बोलता तीच. आपल्या ग्रामसभांत कोंकणी आणि मराठी एकाच वाक्यात येतात आणि सगळ्यांना समजतात. 'म्हाका एक प्रस्न विचारपाचो आसा' म्हणून सुरुवात केली आणि पुढचा कागद मराठीत वाचला, तर कोणालाही खटकणार नाही. छापील भाषेच्या मागे लागलात की अर्धं लक्ष शब्द जुळवण्यात जातं. ते विषयाकडे राहू द्या.

त्या दिवशी

उपाशी जाऊ नका, पण तुडुंब जेवूनही नको. पाण्याची बाटली घ्या. दुसऱ्या किंवा तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसा, म्हणजे उठताना कोणाच्या पायावरून जावं लागणार नाही. वाड्यावरच्या दोघांना तरी सोबत न्या आणि त्यांना आधीच सांगून ठेवा की माझं बोलून झालं की 'होय, आमचीही हीच मागणी आहे' एवढं मोठ्याने म्हणा.

पाळी येण्याआधी नाकाने सावकाश श्वास घ्या आणि घेतला त्यापेक्षा जास्त वेळ लावून सोडा. मनात चार आकडे मोजत घ्यायचा, सहा मोजत सोडायचा. पाच-सहा वेळा केलं की धडधड थोडी खाली येते. उभं राहिल्यावर लगेच सुरू करू नका. दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकवा, सरपंचाकडे बघा, खोली थोडी शांत होऊ द्या.

माईकचं थोडं सविस्तर सांगतो, कारण पहिल्यांदा बोलणारा इथे फार अडखळतो. हातात आलेला माईक चालू आहे की नाही ते बटणावर अंगठा फिरवून पाहा. त्यावर टिचक्या मारू नका, फुंकू नका. तोंडापासून चार बोटं दूर, हनुवटीच्या थोडा खाली धरा आणि मान वळवाल तसा माईकही वळवा. स्पीकरच्या समोर उभे असाल तर शिट्टीसारखा आवाज येईल. घाबरू नका, एक पाऊल बाजूला सरका. आपलाच आवाज मोठा होऊन कानावर आला की दचकायला होतं, म्हणून पहिलं वाक्य नेहमीपेक्षा हळू म्हणा. माईक नसेल तर सगळ्यात मागच्या माणसाकडे बघून बोला, आवाज आपोआप उठतो.

कागद हातात थरथरेल. एका ग्रामसभेत साठीच्या आसपासची एक बाई बोलायला उठलेली मी पाहिली. हातातला कागद इतका हलत होता की त्याची फडफड ऐकू येत होती. तिने तो पुढच्या प्लास्टिकच्या खुर्चीच्या पाठीवर टेकवला, खुर्ची दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि मान खाली ठेवूनच पाच ओळी वाचल्या. मग वर बघून विचारलं, 'कधी करणार?' सरपंचाने उत्तर दिलं. ते मोघम होतं. ती खाली बसली नाही. पुन्हा तेच विचारलं, त्याच आवाजात. तेव्हा महिना सांगितला गेला आणि सचिवाने तो लिहिला. त्या दिवशी तिच्याइतकं परिणामकारक दुसरं कोणी बोललं नाही. कागद पुठ्ठ्यावर लावून नेलात तर फडफड होत नाही, खुर्ची मिळाली तर तीही चांगली.

बायकांना याहून एक जास्तीचा अडथळा असतो. पंचायतीत निदान एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, कित्येक गावांत सरपंच बाई असते, तरी खाली बसलेल्या बाईला घरचेच सांगतात की तू कशाला, मी बोलतो. पाणी, कचरा, अंगणवाडी या विषयांतलं बारीकसारीक तिलाच जास्त ठाऊक असतं. एकटीला जड वाटत असेल तर तिघींनी जा आणि बोलणं वाटून घ्या. पहिलीने अडचण सांगायची, दुसरीने फोटो आणि तारखा, तिसरीने मागणी. प्रत्येकीच्या वाट्याला दोन-तीन वाक्यं येतात. कोणीतरी मध्ये तोडलं तर उरलेल्या दोघी उभ्याच असतात.

मध्येच तोडलं तर

तोडतील. हे धरूनच चला आणि उत्तराची वाक्यं आधीच पाठ ठेवा, कारण त्या क्षणी सुचत नाहीत. कोणी ओरडलं तर त्याच्याकडे वळू नका. सरपंचाकडे बघून म्हणा, 'सरपंचबाय, माझी दोन वाक्यं राहिली आहेत, ती पुरी करते.' कोणी म्हणालं की हे राजकारण आहे, तर, 'मी मोरीबद्दल बोलते आहे, अर्ज तुमच्यासमोर आहे.' कोणी घरगुती भांडण उकरून काढलं, तर, 'ते आपण बाहेर बोलू.' आकडा किंवा नियम विचारला आणि तुम्हाला माहीत नसेल, तर, 'ते मी बघून पुढच्या सभेत सांगते.' यातलं कुठलंही वाक्य चढ्या आवाजात म्हणायचं नाही. चढ्या आवाजाला सभेत लगेच चढा उलट आवाज मिळतो आणि गोंधळात सभा गुंडाळली जाते. गोंधळ झाला तर मोरी तशीच राहते.

शब्द अडकला तर थांबा, पाणी प्या, कागदावर बोट ठेवून पुढची ओळ वाचा. 'माफ करा, मला बोलायची सवय नाही' अशी सुरुवात मात्र करू नका. त्याने ऐकणाऱ्याचं लक्ष तुमच्या विषयावरून तुमच्यावर येतं.

बोलून झाल्यावर

खाली बसलात की अंग हलकं होतं आणि पुढचा अर्धा तास काहीच ऐकू येत नाही. म्हणून सोबतच्या एकाला आधीच सांगा की सरपंचाने काय उत्तर दिलं ते शब्द न शब्द लिहून ठेव. सभा संपताना सचिवाकडे जाऊन नम्रपणे विचारा, 'आमचा विषय कसा लिहिला ते वाचून दाखवाल?' पुष्कळदा तिथेच कळतं की तारीख लिहिलेली नाही. तिथेच सांगितलं तर लगेच दुरुस्त होतं.

काही दिवसांनी इतिवृत्ताची प्रत लेखी अर्ज करून मागा. दिली नाही तर 2005 च्या माहिती हक्क कायद्याखाली अर्ज करता येतो, त्याचं उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं. अर्ज स्वीकारायलाच टाळाटाळ झाली तर तालुक्याच्या बीडीओ (गटविकास अधिकारी) कार्यालयात जा. ही धावपळ कंटाळवाणी आहे, पण ग्रामसभेत बोललेलं कागदावर आलं नाही तर सहा महिन्यांनी 'असं काही ठरलं नव्हतं' हे ऐकावं लागतं.

ज्यांच्याशी थोडी खटकाखटकी झाली असेल त्यांना त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी हाक मारा. दुकानात जा, तब्येत विचारा, विषय काढू नका. तुमचं त्यांच्याशी काही बिनसलेलं नाही हे दिसलं की पुढच्या वेळी बोलणं तुम्हालाही सोपं होतं आणि त्यांनाही.

बहुतेक ठिकाणी पुढच्या ग्रामसभेच्या सुरुवातीला मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं जातं, आणि तेव्हा अर्धी माणसं यायची असतात. तुम्ही वेळेवर पोचा. तुमचा विषय राहिला असेल किंवा तारीख गळली असेल तर इतिवृत्त मंजूर होण्याआधीच हात वर करा आणि म्हणा, 'मागच्या सभेत मोरीसाठी 31 मे ही तारीख सांगितली होती, ती यात नाही, ती घालावी.' अर्जाची शिक्क्याची प्रत आणि सोबत्याने लिहून घेतलेलं उत्तर, हे दोन कागद त्या वेळी हातात असू द्या.